गोळी चालू आहे, आजार नाही

अमेरिकेला मुलाकडे जाताना प्रवास विम्याच्या फॉर्मवर आजार लपवला, त्यातून वाचले ते काही हजार रुपये. कंपनीने दावा फेटाळला, आणि आता तिकडच्या रुग्णालयाच्या बिलासाठी मदतीचं आवाहन बुलढाणा जिल्हाभर फिरतं आहे. ज्यांनी पैसे पाठवले त्यांनी योग्यच केलं. पण या आठवड्यात खामगावपासून चिखलीपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य ऐकलं, 'विमा कंपन्या चोर असतात', आणि संताप आला. कंपन्या साव आहेत असं मी म्हणत नाही. पण मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आहे का, या प्रश्नापुढे 'नाही' कंपनीने लिहिलेलं नव्हतं.

परदेशी निघालेल्या आईवडिलांना याबद्दल विचारा, उत्तर ठरलेलं असतं. 'गोयी चालू हाये, मंग बिमारी कुठी हाये?' शुगर 'बॉर्डरवर' असते, आणि दहा-दहा वर्षं तिथेच असते. बीपी 'कंट्रोलमध्ये' असतं, म्हणून ते नाहीच असं समजायचं. अहो, मग ती गोळी कशासाठी चालू आहे? सहा महिने मुलाकडे राहायचं म्हणून बॅगेत मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टनच्या सहा महिने पुरतील एवढ्या पट्ट्या भरल्या जातात. विमानतळावर कुणी अडवू नये म्हणून सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, सही-शिक्क्यासह. म्हणजे आजाराचा लेखी पुरावा बॅगेच्या एका कप्प्यात आणि आजार नसल्याचा लेखी जबाब दुसऱ्या कप्प्यात! तिकडे छातीत कळ आली की डॉक्टर आधी हेच विचारतात, औषधं कोणती आणि कधीपासून? तिथे माणूस खरं सांगतो, कारण जिवावर बेतलेलं असतं. ते खरं केसपेपरवर चढतं, आणि दावा दाखल झाला की कंपनी तोच केसपेपर मागवते. जे एजंटसमोर लपवलं ते परक्या देशातल्या डॉक्टरला सांगावंच लागतं, मग लपवून साधलं काय?

अमेरिकेत 1986 पासून कायदा आहे, पैसे नाहीत म्हणून तातडीच्या रुग्णाला दारातून परत पाठवता येत नाही. पण उपचार नाकारले जात नाहीत याचा अर्थ बिल माफ होतं असा नाही. ते घरी येतं, आणि घर मुलाचं असतं, बहुतेकदा कर्जावरचं.

बाकी सबबी नेहमीच्याच. सगळेच लपवतात, एजंटने सांगितलं इथे सही करा, गजानन महाराज पाठीशी आहेत. महाराजांवर माझीही श्रद्धा आहे. खोट्या सहीला त्यांची साक्ष काढू नये.

खरं लिहून काय होतं, ते पाहा. 2009 च्या मे महिन्यात एक गृहस्थ परदेश प्रवासाचा विमा काढून अमेरिकेला लग्नाला निघाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरताच हृदयविकाराचा झटका आला, तीन स्टेंट पडले. आपल्याकडच्या सरकारी विमा कंपनीने दावा फेटाळला. कारण काय, तर कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचा उल्लेख केला नाही. पण या माणसाने फॉर्मवर मधुमेह स्वच्छ लिहिला होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि उपचाराचा खर्च व्याजासह द्यायला लावला. बारा वर्षं लागली, हे चीड आणणारंच आहे. तरी उभं राहायला पायाखाली जमीन होती. याच न्यायालयाने 2009 मध्ये मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार लपवलेल्या एका मेडिक्लेम ग्राहकाच्या घरच्यांना रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं.

आणि हे बुलढाण्याच्या माणसाला मी काय सांगावं? पीकविम्याचा अनुभव आपल्याइतका कुणाला आहे? सोयाबीन पाण्यात उभं असताना 72 तासांत कळवलं नाही म्हणून हात वर करणारी कंपनी आपण पाहिली, त्यासाठी मोर्चे काढले, रस्त्यावर बसलो. कागदातली फट कंपनी कशी शोधते हे बांधावरच्या शेतकऱ्याला पाठ आहे. त्याच घरातला माणूस मुलाकडे निघताना ती फट स्वतःच्या हाताने करून देतो, याचंच मला दुःख आहे.

पॉलिसी निवडताना आपण हप्ता बघतो, फार तर डॉलरचा आकडा. आधीपासूनच्या आजाराबद्दल आत काय लिहिलंय ते वाचत नाही. आजार लिहूनही अनेक पॉलिसी फक्त जिवावर बेतलं तरच पैसे देतात, काहींत साठीपुढच्यांसाठी एकेका खर्चाला वेगळी मर्यादा असते. हे निघण्याआधी लेखी विचारावं. खरं लिहिल्यावर हप्ता झेपत नसेल तर सहा महिन्यांऐवजी दोन महिने जावं. पण नातवंडाच्या जन्माला निघालेल्या आजीला हे तोंडावर सांगायला माझीही जीभ रेटत नाही.

शिवाय कित्येक घरांत फॉर्म मुलगाच तिकडून ऑनलाइन भरतो आणि बाबांना विचारतो, 'काही त्रास नाही ना?' बाबा म्हणतात, 'नाही रे, एकदम ठणठणीत.' पोराला तिकडे घोर नको, म्हणून. या खोट्यावर मला रागावता येत नाही. मुलांना मात्र तेवढी सूट द्यायला मी तयार नाही. शेगावच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन गेलात, कंपनीच्या करारातलं प्रत्येक कलम वाचता. आज रात्री व्हिडिओ कॉल लावाल तेव्हा बाबांना औषधांचा डबा कॅमेऱ्यापुढे धरायला सांगा, प्रत्येक पट्टीवरचं नाव उतरवून घ्या आणि मगच फॉर्म उघडा.