शेजाऱ्याच्या गाईवरील गोचीड

चिपळूण तालुक्यांत, कुंभार्ली घाटाच्या बाजूस, अलोरें गांव आहे. तिकडे कोंकणांत भात कापून झालें म्हणजे पुष्कळ ठिकाणीं गुरें मोकळीं सोडितात. मग कोणाची गाय कोणाच्या शेतांत चरते ह्याचा हिशेब राहत नाहीं. आणि गोचिडांचाही राहत नाहीं. रक्त पिऊन फुगलेली मादी अंगावरून गळून पडते, भिंतीच्या भेगेंत किंवा गवताच्या बुडाशीं दोन-तीन हजार अंडीं घालते व मरते. अंडीं फुटलीं कीं बारीक पिल्लें गवताच्या शेंड्यावर चढून जें जनावर प्रथम येईल त्यास धरितात. त्याचा धनी कोण हें तीं विचारीत नाहींत.

तर मग गोचीड मारविण्यास पैसे देणें हा ज्याचा त्याचा व्यवहार आहे काय?

कित्येक बंधु म्हणतात, "फुकट मिळेल तर घेऊं, पैसे पडतील तर राहूं द्या." हा निव्वळ कृपणपणा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. एकानें पैसे मोजून आपलीं गुरें स्वच्छ केलीं आणि थोडक्याच दिवसांत शेजारच्या गोठ्यांतील गोचीड परत आली, तर दुसऱ्या वेळीं त्याचा हात आखडतो. शिवाय दुभत्या गाईचा खर्च दुधांतून निघतो. भाकड गाईचा व म्हाताऱ्या बैलाचा निघत नाहीं. म्हणून त्यांना तसेंच ठेवितात, आणि तींच सर्व वाडीचें गोचिडांचें कोठार बनतात.

स्मिथ व किलबोर्न ह्यांनीं १८९३ सालीं अमेरिकेंत गुरांचा टेक्सास ज्वर गोचिडांमुळें पसरतो असें दाखविलें. १९०६ पासून तेथें गुरांस औषधी पाण्याच्या हौदांतून काढण्याची मोहीम चालली. सक्तीनें चिडून कांहींनीं ते हौद सुरुंगानें उडविले! तरी प्रांतामागून प्रांत एकजुटीनें स्वच्छ झाले तेव्हांच रोग हटला.

आतां खरी अडचण. ज्यास पैसे देववत नाहींत, व जो आपल्या मंडळीचाही नाहीं, त्याच्या गाईचें शुल्क मंडळीनें भरावें काय? मोशेच्या नियमशास्त्रांत वैऱ्याचें गाढव ओझ्याखालीं पडलेलें दिसल्यास त्यास सोडून जाण्याची मनाई आहे. धन्याचें मन आधीं तपासावें असें तेथें म्हटलेलें नाहीं. म्हणून आमचें मत, भरावें. मात्र तें उपासनेस येण्याची लांच म्हणून भरूं नये. तो सौदा होईल, आणि गरिबास सौदा लगेच ओळखतां येतो.

उपदेशकांनीं गुरें मोकळीं सुटण्यापूर्वींच सर्व वाडीचा एक दिवस ठरवावा व पशुवैद्यास बोलवावें. गोठ्याच्या भेगांतही औषध जावें. त्यानंतर किती दिवस दूध वापरूं नये, हें त्यांसच विचारून घ्यावें.