न वाचलेला अर्ज

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेला विज्ञानाचा शिक्षक हवा होता. पूर्वी अशी जागा निघाली की स्थानिक वृत्तपत्रात चार ओळी छापून येत. टपालाने आलेले अर्ज शिपाई सुतळीने बांधून माझ्या टेबलावर ठेवी. मात्र अर्जांच्या आधीच दोन-चार चिठ्ठ्या येऊन पोचलेल्या असत. अमुक आमच्या भाच्याचा मित्र, तमुक आपल्यातलाच. या चिठ्ठ्यांचा मला मनापासून वीट आला होता. म्हणून संस्थेतल्या एका तरुण सदस्याने ‘सर, इंटरनेटवर जाहिरात देऊ, वशिला आपोआप थांबेल’ असे सुचवले, तेव्हा मी आनंदाने मान डोलावली. १९९७ साली आपल्याकडे नोकरी डॉट कॉम सुरू झाले, तेव्हापासून या मार्गाचे आश्वासन हेच आहे की ओळखीचा आणि बिनओळखीचा एकाच रांगेत उभा राहील.

दीडशेच्या वर अर्ज आले. एवढे वाचणार कोण? संगणकाला अटी सांगितल्या: बी.एस्सी., बी.एड., पन्नास टक्क्यांच्या वर गुण, आणि राहण्याचे ठिकाण बेळगावी. पडद्यावर अकरा नावे उरली. त्यांतून आम्ही एक चांगला शिक्षक निवडला. एकही चिठ्ठी आली नाही याचे मला कोण समाधान!

पुढे काही महिन्यांनी बसस्थानकावर एक जुनी विद्यार्थिनी भेटली. वाकून नमस्कार करून म्हणाली, “सर, मीही अर्ज केला होता. नाही म्हणून तरी कळवायचे होते.” मी चमकलो. दुसऱ्या दिवशी अर्ज शोधून काढला. गुण निवडलेल्या शिक्षकापेक्षा अधिक, अनुभव सहा वर्षांचा. ठिकाणाच्या रकान्यात तिने पदवीपत्रावर होते तसे इंग्रजीत ‘बेलगाम’ लिहिले होते.

शहराचे सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी बदलले. त्याआधीच्या दाखल्यांवर, पदव्यांवर जुनेच नाव आहे आणि आपल्या तोंडी तर बेळगावच. या नावावरून आम्ही इतकी वर्षे सभा गाजवल्या, आणि शेवटी एकच स्पेलिंग टाइप करून आपल्याच लेकीला आम्ही बाहेर ठेवले.

माझा यात दोष किती? एक निवृत्त वकील मित्र म्हणतात, “हेतू नाही, माहिती नाही, मग अन्याय कसला?” कायद्यात हे चालत असेल. मला पटत नाही. बरे, सगळे खापर यंत्रावर फोडावे तर माणसाची नजरही काही स्वच्छ नसते. अमेरिकेत बोस्टन आणि शिकागो येथे सुमारे ५,००० बनावट अर्ज पाठवून केलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. पात्रता सारखीच असताना गोऱ्यांची वाटणारी नावे असलेल्या अर्जांना सुमारे ५० टक्के अधिक बोलावणी आली. ते अर्ज माणसांनीच वाचले होते. यंत्र शिकते तेही आपल्याकडूनच. अॅमेझॉन कंपनीने अर्ज पारखणारी एक संगणकप्रणाली बनवायला घेतली होती. मागच्या दहा वर्षांचे, बहुतांशी पुरुषांचे अर्ज पाहून ती स्त्रियांच्या संस्थांचा उल्लेख असलेले अर्ज खाली ढकलू लागली. कंपनीने तो नाद सोडल्याची बातमी २०१८ साली आली.

तरीही एक फरक उरतोच. जुन्या काळी मी एखाद्याचा अर्ज बाजूला ठेवला तर तो मी ठेवलेला असे. पुढे कधी तो रस्त्यात भेटला तर मला त्याच्या डोळ्यांत पाहावे लागे. खोटे का होईना, एक कारण द्यावे लागे. या मुलीला मी नाकारलेही नाही. नाकारायला निदान अर्ज वाचावा लागतो. चिठ्ठीवाल्यांचा निदान राग तरी धरता येई. इथे धरायचा कुणाचा?

मग मी सगळेच अर्ज काढून वाचले. केवळ गावाच्या स्पेलिंगमुळे गळलेले एकोणीस निघाले. निवडलेला शिक्षक गुणी आहे, मुलांचा लाडका आहे. त्याला आता काय म्हणून हलवायचे? एकोणीस जणांना मी हाताने पत्रे लिहिली, काय घडले ते खरे सांगितले. संस्थेतल्या काहींना हे आवडले नाही. उगाच कोर्टकचेरी ओढवून घेता, असे म्हणाले. चौघांची उत्तरे आली. त्या मुलीचे आलेले नाही.

येत्या जूनला गणिताची जागा रिकामी होते आहे. जाहिरात इंटरनेटवरच द्यायची, अर्ज मात्र सगळे छापून घ्यायचे असे मी ठरवले आहे. कागदाचा खर्च कोणत्या खात्यावर टाकू, असे आमचे कारकून विचारत होते.