दोन कारणं सापडली, म्हणून कारण अज्ञात

पक्षाघाताच्या रुग्णाचे नातेवाईक वॉर्डाबाहेर डॉक्टरांना गाठून विचारतात, "पण झालं कशामुळे?" उत्तर एकच हवं असतं: बीपी, शुगर, नाहीतर तंबाखू. वैद्यकशास्त्रालाही एकच उत्तर हवं होतं आणि १९९३ साली त्याने तशी सोय करून घेतली.

पक्षाघाताच्या कारणांची 'टोस्ट' नावाची ही वर्गवारी अमेरिकेत एका औषधाच्या चाचणीसाठी तयार झाली. रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या त्या औषधाचं सांकेतिक नाव होतं ऑर्ग १०१७२. १९९८ मध्ये निकाल आला, तीन महिन्यांनंतर औषधाचा म्हणावा असा फायदा दिसला नाही. औषध मागे पडलं, पण चाचणीच्या सोयीसाठी केलेले पाच कप्पे जगभरच्या न्यूरॉलॉजी विभागांत ठाण मांडून बसले. मोठ्या धमनीत साचलेली चरबी, हृदयातून आलेली गुठळी, मेंदूच्या खोल भागातली बारीक वाहिनी बंद पडणं, इतर ठाऊक कारणं आणि पाचवा कप्पा 'अनिश्चित'.

हा पाचवा कप्पा मला फार खटकतो. त्यात तीन प्रकारचे रुग्ण पडतात: सगळ्या तपासण्या होऊनही काही न सापडलेले, तपासण्याच पुऱ्या न झालेले आणि एकाहून अधिक कारणं सापडलेले. म्हणजे अज्ञान, अपुरी तपासणी आणि जास्तीची माहिती यांना एकच नाव.

समजा, सत्तरीचे एक आजोबा आहेत. उजवा हात-पाय लुळा, बोलणं अडखळतंय. ईसीजीत हृदयाचे ठोके अनियमित, एट्रियल फिब्रिलेशन. डॉपलरमध्ये मानेतली डावी धमनी साठ टक्के अरुंद. एमआरआयमध्ये डाव्या बाजूचा ताजा आघात, शिवाय खोलवर बारीक वाहिन्यांच्या आजाराच्या जुन्या खुणा. वर्षानुवर्षं अंगावर काढलेल्या बीपीचा हा हिशेब. टोस्ट म्हणेल, कारण अनिश्चित. पण उपचारांत अनिश्चित काय आहे? हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी हवीच. धमनीसाठी ऑपरेशन किंवा स्टेंटचा विचार करावाच लागेल, आणि बीपी तर आहेच.

२००९ मध्ये काही नामवंत न्यूरॉलॉजिस्टांनी वेगळी रीत सुचवली, 'अ‍ॅस्को'. २०१३ मध्ये तिच्यात धमनीचा आतला पदर फाटण्याचं कारण जोडलं गेलं आणि ती 'अ‍ॅस्कॉड' झाली. इथे रुग्णाला कप्प्यात टाकत नाहीत; टोस्टची पहिली चार कारणं आणि हे पाचवं, प्रत्येकापुढे आकडा लिहितात. १ म्हणजे हे कारण असू शकतं, २ म्हणजे संबंध संशयास्पद, ३ म्हणजे आजार आहे पण या झटक्यामागे तो असण्याची शक्यता कमी, ० म्हणजे आजार नाही. आजोबांच्या कागदावर धमनीपुढे १, हृदयापुढे १ आणि बारीक वाहिन्यांपुढे ३ येईल. किचकट आहे खरं. इतक्या जोड्या होतात की आकडेवारी मांडणाऱ्याने डोक्याला हात लावावा. पण माणसं अशीच असतात, विशेषतः साठीनंतरची.

कप्प्यांचा मोह मात्र सुटत नाही. २०१४ मध्ये 'ईसस' ही नवी संज्ञा आली: गुठळी कुठून तरी वाहत आली हे दिसतं, पण उगम सापडत नाही. अशा रुग्णांना रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांचा फायदा होईल, अशी आशा होती. २०१८ आणि २०१९ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. मिळून बारा हजारांवर रुग्ण, आणि अ‍ॅस्पिरिनहून सरस काहीच ठरलं नाही. पहिलीत तर रक्तस्राव वाढला. कुणाचा दोष हृदयात असेल, कुणाचा धमनीतल्या चरबीत. सगळ्यांना एका गोळीने गुण कसा यावा?

अ‍ॅस्कॉडमधला मला सर्वांत आवडणारा आकडा ९ आहे. त्याचा अर्थ, तपासणी अपुरी. जिथे एमआरआयसाठी जिल्ह्याच्या गावी जावं लागतं आणि दिवसभर हृदयाचे ठोके नोंदणाऱ्या होल्टरचा खर्च घरच्यांना झेपत नाही, तिथे हा आकडा वारंवार लिहावा लागेल. पण डिस्चार्ज कार्डावर हृदयापुढे ९ दिसला, तर पुढच्या डॉक्टरला निदान एवढं कळेल की हृदय निर्दोष ठरलेलं नाही, फक्त त्याची तपासणी पुरी झालेली नाही.