देवी म्हणू नये

माझा थोरला भाऊ लालबागला गिरणीत साच्यावर होता. त्याच्या मुलाला जन्मताना मेंदूला मार बसलेला; पायांत बळ नाही, बोलणं अडखळत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगारांबरोबर दादाही घरी बसला. वहिनीची खाणावळ उधारीनं बुडाली. मग ती ऑर्डरीच्या पोळ्या लाटायला लागली. गावाकडं आम्ही म्हणायचो, "बाई न्हाय, देवी हाय." सुगी झाली की मी जोंधळ्याचं पोतं घेऊन जायचो, दोन दिवस राहायचो, तोंडभरून कौतुक करायचो आणि मोकळ्या मनानं माघारी यायचो.

१९८७ च्या उन्हाळ्यात वहिनीची आई गेली. दहा दिवस पोराजवळ मी राहिलो. दादा तेव्हा रात्रीची वॉचमनकी करून दिवसा झोपायचा.

पहाटे चारला नळ यायचा. पाणी भरून झालं की पोराला उचलून गॅलरीच्या टोकाला संडासच्या लायनीत उभं राहायचं. आंघोळ, चमच्यानं भरवणं, पायांचा व्यायाम. एक दिवस हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत नेलं, तीन जिने पाठीवरून. बारा वर्षांचा पोरगा, वजन जोंधळ्याच्या पाव पोत्याएवढं. पण पोतं पाठीवर बसतं, माणूस निसटतो.

चौथ्या रात्री त्यानं तिसऱ्यांदा अंथरूण ओलं केलं. मी ओरडलो, "सुटत का न्हाईस एकदाचा!" तो रडला नाही. ओली चादर वाकड्या बोटांनी स्वतःच ओढायला लागला. ते बघून मी जिन्यात जाऊन बसलो.

वहिनी आल्यावर तिला सगळं सांगितलं. वाटलं, आता उंबरा बंद. ती पीठ मळता मळता म्हणाली, "चार दिवसांत व्हय, भावजी? मला आठ वर्सं लागली तसं बोलायला. पण सांगू कुणाला? तुम्ही सगळी मला देवी म्हणता. देवीनं दमायचं असतं का?"

आमच्याकडं एका बैलावर नांगरट होत नाही, म्हणून शेजाऱ्याशी पैरा करतात. आज तुझं रान, उद्या माझं. शेजाऱ्याचं नुसतं कौतुक करून कुणाचं शेत नांगरून झालंय का? मी मात्र इतकी वर्षं तेच करत होतो. कौतुकाला घाम लागत नाही, आणि ज्याचं कौतुक होतं त्याला तक्रारही करता येत नाही.

तेव्हापासून पेरणीआधीचे पंधरा दिवस माझे. वहिनी माहेरी जायची. पुढं पुढं नुसती झोपायलाही जायची. हे फार मोठं केलं असं नाही. सोळाव्या दिवशी मला एसटी होती, तिला नव्हती. हा हिशोब अजून फिटलेला नाही. पण त्यानंतर मी कुणाच्या घरी आजारी माणसाला बघायला गेलो, की सेवा करणाऱ्याला शाबासकी देत नाही. विचारतो, "कवा येऊ बसायला?"