रात्रीच्या जॉब्जविषयी

चि. छोटीस,


ओरॅकलचा डेटाबेस आता तू सांभाळणार, हे ताईकडून कळलं. आपोआप चालणाऱ्या जॉब्जची लांबलचक यादी पाहून तू बावरली आहेस, असंही ती म्हणाली. बावरलीस ते बरंच झालं. ज्यांना ती यादी सोपी वाटते, त्यांचीच मला भीती वाटते.

पहिले काही दिवस नुसतं बघ, हात लावू नकोस. बघायचं मात्र दोन्हीकडे. 'डीबीएमएस_जॉब' हे जुनं साधन, तर 'डीबीएमएस_शेड्युलर' टेन-जी आवृत्तीपासून आलेलं. जुन्यातले जॉब्ज 'डीबीए_जॉब्ज' या व्ह्यूमध्ये दिसतात, नव्यातले 'डीबीए_शेड्युलर_जॉब्ज'मध्ये, आणि वर्षानुवर्षं चाललेल्या डेटाबेसात दोन्ही नांदत असतात. जुन्याची एक खोड लक्षात ठेव: लागोपाठ 16 वेळा फसला की तो जॉब 'ब्रोकन' ठरतो आणि पुन्हा आपणहून उठत नाही. कुणी ओरडेपर्यंत पत्ताही लागत नाही.

यादीतल्या 'शेड्यूल्ड' या शब्दावर भाळू नकोस. पुढची वेळ ठरली आहे, एवढाच त्याचा अर्थ. काल रात्री काय घडलं ते 'डीबीए_शेड्युलर_जॉब_रन_डिटेल्स' सांगतो. तो रोज सकाळी पहिल्या चहाआधी उघडायचा. तिथे 'सक्सीडेड' लिहिलेलं असलं तरी शेजारी जॉब किती वेळ चालला तेही वाच. एरवी चाळीस मिनिटं घेणारा जॉब दोन सेकंदांत संपला असेल, तर त्याने काम केलेलंच नाही. बहुतेक वेळा कुणीतरी प्रोसीजरच्या शेवटी 'व्हेन अदर्स देन नल' लिहून चूक गिळलेली असते. प्रोसीजर चूक वरपर्यंत पोचवतच नाही, मग शेड्युलर बिचारा यशच नोंदवणार! माझ्या मते ही एक ओळ लिहिणाऱ्याला महिनाभर रात्रपाळी द्यावी. हा इतिहास मुळात 30 दिवसच टिकतो. महिनाअखेरीचे जॉब्ज मागच्या काही महिन्यांशी ताडून पाहायचे तर मुदत वाढवून घे.

तुझे क्लायंट अमेरिकेतले, म्हणून वेळेचं जरा सविस्तर लिहिते. आपल्याकडे घड्याळं कधी मागेपुढे होत नाहीत, त्यामुळे हे आपल्या अंगवळणी नसतं. जॉबच्या 'स्टार्ट_डेट'मध्ये 'अमेरिका/न्यू_यॉर्क' असं प्रदेशाचं नाव असेल, तर शेड्युलर तिथल्या घड्याळाबरोबर सरकतो. नुसतं 'उणे पाच तास' लिहिलेलं असेल तर सरकत नाही, आणि मार्चपासून तिथल्यांच्या लेखी जॉब तासभर उशिरा धावतो. शिवाय मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी तिथे पहाटेचे दोन ते तीन हा तास नसतोच, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक ते दोन हा तास दोनदा येतो. बिलिंगचा किंवा व्याज आकारणीचा जॉब त्या तासांत ठेवूच नये.

हाताने जॉब चालवायची वेळ येईल तेव्हा 'रन_जॉब' काही न सांगता तो तुझ्याच सेशनमध्ये चालवतो, पाठीमागे नाही. लॅपटॉप मिटलास की कामही अर्धवट राहील. चालू जॉब अडवायचा तर 'स्टॉप_जॉब'. 'डिसेबल' पुढच्या फेऱ्यांसाठी. 'ड्रॉप' मात्र कुणी कितीही घाई केली तरी करू नकोस. डिसेबल केलेला जॉब व्याख्येसकट जागेवर राहतो आणि उद्या विचार बदलला तर परत चालू करता येतो. तसंच, नोकरी सोडून गेलेल्यांची खाती साफ करताना आधी त्यांच्या नावावरचे जॉब्ज शोध. खातं 'कॅस्केड'ने उडवलं की तेही जातात.

आणि सगळ्यात जास्त घात करतो तो टेस्टसाठी काढलेला प्रॉडक्शनचा क्लोन. त्यात जॉब्जही जसेच्या तसे येतात. क्लोन उघडला की तेही वेळेवर उठतात आणि खऱ्या ग्राहकांना खरी ईमेल पाठवतात. म्हणून क्लोन उघडण्याआधी 'जॉब_क्यू_प्रोसेसेस' शून्य करायचं, मग हवे तेवढेच जॉब्ज चालू ठेवून बाकीचे डिसेबल करायचे. तुझ्या टेस्टवर तो आकडा किती आहे ते आजच बघ. शून्य नसेल आणि कोणते जॉब्ज चालू आहेत हे कुणालाच सांगता येत नसेल, तर लगेच फोन कर. मी अकरापर्यंत जागी असते.

तुझी,
मावशी