ग्यानची दुसरी पेनल्टी

आजचा श्लोक गीता २.४७. पाठ सगळ्यांनाच आहे, पचायला मात्र कठीण.

२ जुलै २०१०, जोहान्सबर्ग. वर्ल्ड कप क्वार्टर फायनल, घाना विरुद्ध उरुग्वे, १-१. एक्स्ट्रा टाइमच्या अगदी शेवटी गोलमध्ये जाणारा बॉल सुआरेझने हाताने अडवला. रेड कार्ड, पेनल्टी. असामोआ ग्यानने मारली ती क्रॉसबारला लागली. शूटआउटमध्ये उरुग्वे ४-२ ने जिंकलं.

फळावरूनच कर्म जोखायचं, तर सुआरेझचा हात बरोबर ठरतो. मन मानतं का? माझं तरी नाही मानत.

पण मला आठवतं ते वेगळंच. शूटआउटमध्ये घानाची पहिली पेनल्टी मारायला पुन्हा ग्यानच पुढे आला. काही मिनिटांपूर्वीच सगळं हुकलं होतं. त्याने गोल केला! टीम तरीही हरली.

मागच्या महिन्यात माझ्या चुकीने एक रिलीज फसलं. तेव्हापासून डिप्लॉयमेंट मी दुसऱ्यांवर ढकलतोय आणि त्याला 'अनासक्ती' म्हणतोय. खरं तर ती भीती आहे. श्लोकाचा शेवट नेमका इथेच बोट ठेवतो: काही न करण्यातही गुंतू नकोस.

उद्याचं डिप्लॉयमेंट मी मागून घेतलंय. तुम्ही काय टाळताय?