कळवतो!

अमेरिकेत फुटबॉल नावाचा एक खेळ आहे. त्यात चेंडूला पाय लागतो तो अपवाद म्हणून. एरवी तो काखोटीला मारून पळायचे आणि समोरच्या दांडगोबांनी अंगावर पडायचे. खेळ माझ्या डोक्यात शिरला नाही; शिरली ती त्यांची माणसे निवडायची पद्धत.

दर वसंतात तिथले 32 संघ कॉलेजातली पोरे आळीपाळीने उचलतात. सात फेऱ्या, सुमारे अडीचशे नावे. या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. अगदी शेवटच्या नावालाही मान! 1976 पासून त्याला 'मिस्टर इर्रेलेव्हंट', म्हणजे आपले श्रीयुत बिनमहत्त्वाचे, म्हणून कॅलिफोर्नियात मिरवतात.

माझा जीव गुंतला तो याच्याही मागे राहिलेल्यांत. ड्राफ्ट संपता संपता त्यांचे फोन खणखणू लागतात : 'सरावाला ये, बघू.' प्रत्येक संघ उन्हाळ्यात नव्वदेक जण जमवतो आणि ऑगस्टअखेर ठेवतो 53. आता सांगा, ज्याला ठेवायचा फारसा विचारच नाही, त्याला 'ये' म्हणावे का? सरावात निवडलेल्यांच्या अंगावर धावून जायला कुणीतरी लागतेच. पण पंगतीला बोलवायचे आणि वाढपी म्हणून राबवायचे, हे कुठल्या धर्मात बसते?

न्यू जर्सीतला माझा भाचा म्हणतो, "मामा, कर्ट वॉर्नरचं काय मग?" 1994 साली वॉर्नरला कुणी निवडले नाही. ग्रीन बे संघाने सरावाला बोलावले आणि हंगामाआधीच घरी पाठवले. मग स्वारी आयोवातल्या एका दुकानात रात्रपाळीला, ताशी साडेपाच डॉलरवर, फळ्यांवर माल रचत होती. 1999 च्या हंगामात तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला! गोष्ट खरी आहे, आणि म्हणूनच घातक आहे. लॉटरीवाला बक्षीस लागलेल्याचा फोटो दुकानाबाहेर लावतो, तो काय त्याच्या कौतुकासाठी?

तरी त्या लोकांचे एक मला पटते. तिथे नकार द्यायला खास माणूस असतो. त्याला 'टर्क' म्हणतात. तो येऊन सांगतो, "कोचने बोलावलंय. प्लेबुक घेऊन चल." डावपेचांची वही परत मागितली की पोरगा काय ते समजतो आणि बॅग भरतो.

आपल्याकडे टर्क नाही. आपल्याकडे 'कळवतो' आहे. पोहे खायचे, मुलीला गाणे म्हणायला लावायचे आणि उंबऱ्याबाहेर चपला चढवताना म्हणायचे, 'कळवतो!' माझ्या एका मावसबहिणीला असे म्हणून गेलेल्या मंडळींनी अद्याप कळवलेले नाही. तिला आता दोन नातवंडे आहेत.

मला ते एका कचेरीतले साहेब म्हणाले होते. नोकरीचे मला एवढे काही नव्हते, निदान मी तसे दाखवत असे. पण पोस्टमनची सायकल गल्लीत वळली, की आई स्टोव्हची हवा सोडून दाराशी यायची. तो पुढे गेला की परत जाऊन पंप मारायची. चार महिने. मधेच भाजी कच्ची का राहते, हे वडिलांनी एकदाही विचारले नाही.

म्हणून टर्कबद्दल मला आदर. पण त्याच्या हातूनही काम पुरते होत नाही. घरी पाठवलेल्यांतल्या काहींना सरावासाठी परत ठेवून घेतात. आणि उरलेले? हंगामात कुणाचा गुडघा गेला, की त्यांच्यातल्याच एखाद्याला अचानक बोलावणे येते. तेव्हा तिकडेही सप्टेंबरात कुठल्या तरी घरी फोन वाजत असणार, आणि कुणाची तरी आई गॅस बारीक करत असणार.